बारा वेढ्यांचा सांधा

सोमवार, १६ फेब्रुवारी १९७०. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि खामगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये उकंडराव खराटे दुसरा हेडसेट तपासत होते. सातला सकाळच्या पाळीचे ऑपरेटर बोर्डावर बसत. त्याआधी तिन्ही हेडसेट ठीक आहेत हे पाहून ठेवणं मेकॅनिकचं काम. उकंडरावांची पद्धत ठरलेली होती. हेडसेट कानाला लावायचा, वायर जिथे कानावरच्या डबीत शिरते तिथे ती दोन बोटांत धरायची आणि अंगठ्याने हळूहळू चारी बाजूंना वाकवायची. वायर आतून झिजली असेल तर खरखर ऐकू येते. खरखर आली की तो हेडसेट बाजूला.

वायर मधोमध कधी तुटत नाही, हे त्यांनी अठरा वर्षांत पाहिलं होतं. ती तुटते मुळापाशी, दोन बोटांच्या आत. बाहेरचं सुती वेष्टण शाबूत असतं, आतली दोऱ्यावर गुंडाळलेली तांब्याची पातळ पट्टी मात्र सुटलेली असते.

तिसरा हेडसेट त्यांनी दोनदा तपासला, कारण पहिल्या वेळी आपण काय ऐकलं ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांना त्या दिवशी स्वतःसाठी एक फोन लावायचा होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच होत होतं. मोताळ्याच्या पोस्टात दहा वाजता एक बाई येऊन थांबणार होती आणि उकंडरावांना तिला एकच गोष्ट विचारायची होती. त्यांची मेहुणी गोजरबाई तेरा दिवसांपूर्वी वारली होती. ती वारण्याआधी, संक्रांतीला, काय म्हणाली होती?

हा प्रश्न त्यांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता. पण तो प्रश्न उरला तो त्यांच्या हातच्या कामामुळे, असं त्यांचं मत होतं.

उकंडरावांचा जन्म १९१६ चा. आधीची दोन मुलं गेल्यामुळे आईने जन्मल्यावर त्यांना घटकाभर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने तिथून उचलून आणलं. टाकलेल्या पोराला मरण शिवत नाही, अशी समजूत. नाव त्यावरून पडलं. तेविसाव्या वर्षी ते टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत लागले आणि १९५२ साली मेकॅनिक झाले. साहेब लोक त्यांना खराटे म्हणत, बाकीचे भाऊ.

ऑफिसात ते हळू आवाजात बोलत. बोर्डाच्या खोलीत मोठ्याने बोलायची मनाई होती. घरी मात्र त्यांना ओरडावं लागे. झुंबरबाईंना ऐकू येत नव्हतं. लग्न होऊन खामगावला आल्यावर त्या जिनिंगमध्ये कामाला लागल्या आणि बावीस हंगाम त्यांनी जिनाच्या तोंडाशी उभं राहून कपाशी घातली. दहाव्या हंगामाच्या सुमारास त्यांना शेजारणीची हाक ऐकू येईनाशी झाली, पंधराव्यापर्यंत घरातली भांडी पडलेली कळेनाशी झाली. जिनात त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. तिथे बाया ओठांनी आणि बोटांनीच बोलत. नाकपुडीला बोट लावलं की मुकादम येतो आहे. मनगटाभोवती बोट फिरवलं की बांगड्यावाला फाटकात आहे. ओठ वाचायला तर सगळ्याच शिकत. बाई काय बोलते आहे आणि मनात काय ठेवते आहे हे दोन्ही तोंडावर दिसतं, असं झुंबरबाई म्हणत.

उकंडरावांना त्यातल्या वीसेक खुणा येत होत्या. बाकीचं ते ओरडून सांगत, त्यामुळे खराट्यांच्या घरी आज भाजी कसली आणि मुलीचं शेगावहून पत्र आलं की नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत असे. शेजारचे शेषराव एकदा म्हणाले होते, "भाऊ, तुमच्या घरी रेडिओ काऊन घेऊन राह्यले? तुमचाच तं आमी ऐकतो."

१९६८ च्या जुलैत अकोल्याच्या डॉक्टरांनी झुंबरबाईंना कानाचं यंत्र दिलं. तंबाखूच्या डबीएवढी पेटी, ती चोळीला आतून शिवलेल्या खिशात ठेवायची. तिच्यातून निघालेली वायर पदराखालून वर येऊन कानातल्या बटणाला जोडायची. वायरीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बारीक पिना होत्या. एक टोक पेटीत खुपसायचं, एक बटणात.

पहिल्या दिवशी त्यांनी ते लावून भाकरी थापायला घेतली आणि हात थांबवला.

"एवढा आवाज करते मी?" त्यांनी विचारलं. "आन् तुमी कंधी सांगतलं नाही?"

"सांगून काय करतो? भाकरी तं खाचीच होती."

त्या त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचा आवाज बारीक हाये. मी इसरलीच होती. मले वाटे, जाडाभरडा असन."

यंत्र आल्यावर झुंबरबाईंनी पहिलं काम केलं ते मोताळ्याला बहिणीकडे जाण्याचं. गोजरबाई त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा झुंबरबाई तीन वर्षांच्या होत्या. त्यांना कडेवर वाढवलं ते गोजरबाईने, आणि लग्न होऊन ती मोताळ्याजवळच्या गावी गेली तेव्हाही धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन गेली. नवरीच्या मागे करवली जाते ती चार दिवसांनी परत येते. झुंबरबाई बारा वर्षांनी, स्वतःच्या लग्नालाच तिथून निघाल्या. पुढे त्यांचे कान गेले आणि दोघींचं बोलणं आटलं. भेटी होत, पण गोजरबाईला ओरडायचा कंटाळा होता आणि जिनातल्या खुणा येत नव्हत्या. दोघी शेजारी बसून शेंगा फोडत आणि संध्याकाळी उठत. त्या जुलैत झुंबरबाई आठ दिवस राहिल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा स्वतःचा घसा बसला होता.

अडचण वायरीची होती. पहिली वायर पाच महिने टिकली. दुसरी चौथ्या महिन्यात सैल झाली. पदर ओढला, खाली वाकल्या, नातवाला उचललं, की पिन सुटे. पिन सुटली हे झुंबरबाईंना कळतही नसे. त्यांना वाटे, सगळे एकदम गप्प बसले. एकदा त्या शेजारच्या रुखमाबाईंवर दोन दिवस रुसून होत्या, विचारलेल्याला उत्तर देत नाही म्हणून. नवी वायर अकोल्याहून यायला तीन-तीन आठवडे लागत, आणि तेवढे दिवस घर पुन्हा पहिल्यासारखं होई.

एक्सचेंजमध्ये उकंडरावांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात रोज दिसत होता. जुन्या हेडसेटची वायर डबीच्या आत स्क्रूने पक्की बसवलेली असे. चारेक वर्षांपूर्वी आलेल्या नव्या हेडसेटना पिना होत्या, वायर काढता-घालता येई. साहेब म्हणाले होते, वायर खराब झाली की अर्ध्या मिनिटात बदला. ते खरंही होतं. पण पिनांच्या वायरी सात-आठ महिन्यांत खराब होत आणि जुन्या पक्क्या वायरी चौदा-पंधरा महिने चालत. उकंडरावांनी त्यातून आपला निष्कर्ष काढला होता: सांधा सुटता ठेवला की तो सुटायचाच.

१९६९ च्या मार्चअखेर त्यांनी झुंबरबाईंच्या वायरीचा सांधा पक्का करायचं ठरवलं आणि दुपारी पाळी संपल्यावर यंत्र घेऊन टेबलाशी बसले. इंद्रभान गवई शेजारी चहा पीत होता. इंद्रभान तिशीचा, तीन नंबरच्या बोर्डावरचा ऑपरेटर, वाद घालायची हौस असलेला माणूस.

"भाऊ, पिना काढून टाकून राह्यले काय?"

"हो."

"नका काढू. पिन निंघते म्हनून बाकीचं वाचते. फ्यूज असते ना, तसं हाये ते."

"तू बोर्डावर बसतं का सर्कशीत? इथं सात-सात घंटे वायर पक्की राह्यते."

"मी खुर्चीवर बसतो, भाऊ. वयनी काय दिवसभर खुर्चीवर बसून राह्यतात?"

"चहा पी बे," उकंडराव म्हणाले.

काम त्यांनी नीट केलं. दोऱ्यावरची तांब्याची पट्टी थेट डाग घेत नाही, आतला दोरा जळतो. म्हणून त्यांनी टोकाला केसासारखी बारीक तार गुंडाळली आणि तिच्यावर कथलाचा डाग दिला. बटणातल्या पिनांची जागा काढून वायर आतल्या टोकांना सरळ जोडली. एक्सचेंजच्या हेडसेटमध्ये डबीच्या आत वायरीला गाठ मारायला जागा असते. बाहेरून कुणी ओढलं तर ओढ त्या गाठीवर येते, आतल्या, आवाज उठवणाऱ्या कॉइलवर येत नाही. यंत्राचं बटण चार आण्याच्या नाण्याएवढं. त्यात गाठीला जागा नव्हती. उकंडरावांनी ते पाहिलं होतं. गाठीऐवजी त्यांनी बाहेरून मेण लावलेल्या दोऱ्याचे बारा वेढे दिले आणि ते बटणाच्या पाठीला चिकटवून टाकले. पेटीच्या टोकालाही तसंच केलं.

वायर दहा महिने चालली. एकदाही खरखर नाही, एकदाही सुटली नाही. उकंडराव दर रविवारी ती वाकवून पाहत आणि समाधानाने परत देत. इंद्रभानला त्यांनी हे दोनतीनदा ऐकवलंही.

१९७० च्या जानेवारीत, संक्रांतीच्या चार दिवस आधी, मोताळ्याकडचा एक माणूस सरकी विकायला आला आणि गोजरबाईचा निरोप देऊन गेला. तिळगुळाला झुंबरला पाठवा, माझं काही खरं नाही. झुंबरबाई लगेच लुगडी काढायला लागल्या. उकंडरावांनी थांबवलं. त्यांना रजा नव्हती आणि बायकोने एकटीने मोटारीने जावं हे त्यांना पटत नव्हतं. गोजरबाईचं काही खरं नसणं दहा वर्षांपासूनचं होतं. सणाची गर्दी, नांदुऱ्याला मोटार बदलायची, चढता-उतरता धक्काबुक्की.

"वायरीले झटका बसला तं?" ते म्हणाले. "शिवरात्रीले रजा जोडून घेतो. दोघं जाऊ."

झुंबरबाईंनी लुगडी परत ठेवली.

मंगळवारी, ३ फेब्रुवारीला, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मोताळ्याहून फोन आला. तो इंद्रभानने घेतला. त्याने हेडसेट उतरवला, खुर्चीवरून उठून उकंडरावांच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "भाऊ, घरी जा. गोजरबाई गेल्या."

नांदुऱ्यावरून दोघं दुपारी दोनला पोचले. मयत अंगणात ठेवली होती, त्यांच्यासाठीच थांबले होते. आपल्याकडे बाया मयतीला येतात त्या गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत येतात आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडतात. डोक्याला डोकं लागतं, हात मानेभोवती जातात आणि रडता रडता सगळं सांगितलं जातं: आजार कसा सुरू झाला, शेवटचं काय खाल्लं, कुणाचं नाव घेतलं, कुणावर राग होता. जे एरवी सासू-सुनेत, जावा-जावांत उच्चारता येत नाही ते त्या रडण्यात उच्चारलं जातं आणि त्याबद्दल पुढे कुणी कुणाला जाब विचारत नाही. रडणं संपलं की ते बोलणंही संपतं. नंतर कुणी विचारलं तर उत्तर एकच असतं, फार त्रास झाला नाही हो त्यांना.

शालूबाई ही गोजरबाईची सून. शेवटचे नऊ दिवस सासूच्या उशाशी बसलेली तीच. ती ओट्यावरून धावत आली आणि झुंबरबाईंच्या गळ्यात पडली. उकंडराव पुरुषांकडे, गोठ्याच्या भिंतीपाशी उभे होते. बायांचं रडणं चाललेलं असताना पुरुष मध्ये जात नाहीत. शालूबाईचा आवाज उंच होता, त्यांना पंधरा हातांवरून ऐकू येत होता.

"मावशी वं, तुही लय वाट पाह्यली वं. दाराकडं डोये लावून बसल्या वं. संक्रांतीले निरोप धाडला वं मावशी, तू आली नाही वं, तं आत्याबाई म्हने..."

तिकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याच्या नात्यातल्याला मामाजी.

त्याच क्षणी मागून आणखी दोघी-तिघी येऊन त्या दोघींच्या गळ्यात पडल्या. शालूबाईचा हात झुंबरबाईंच्या मानेवरून खाली सरकला आणि पदराखालची वायर तिच्या कोपरात अडकली. वर बायांचा भार. उकंडरावांना दिसलं की वायर ताणली गेली, झुंबरबाईंची मान एका अंगाला खेचली गेली आणि कानातलं बटण उकललं. बटणाचा पुढचा भाग कानातच राहिला. पाठ निघून वायरीला लोंबत होती.

शालूबाई बोलत होती. तिने ते वाक्य पुरं केलं आणि पुढची पाच-सहा वाक्यं म्हटली. झुंबरबाईंचे डोळे एकदम रिकामे झाले. त्या रडत होत्या, पण एका हाताने पदराखाली चाचपत होत्या. त्या जुन्या सवयीने पिन शोधत होत्या. सुटली असेल तर खुपसू म्हणून. ओठ पाहावेत तर शालूबाईचं तोंड त्यांच्या खांद्यात होतं.

उकंडरावांना तिथून सगळं ऐकू यायला हवं होतं. त्यांचे कान शाबूत होते, आणि एवढ्या गलबल्यातून एक आवाज वेगळा काढणं ही त्यांची रोजची नोकरी होती. पण ते वायरीकडे पाहत होते. सांधा कुठे गेला, डाग सुटला की दोरा, हे पाहत होते. शालूबाई काय म्हणाली ते त्यांनीही ऐकलं नाही.

तीन दिवसांनी, राख सावडून, ते खामगावला परतले. झुंबरबाई तेराव्यापर्यंत थांबल्या. बटण घेऊन उकंडराव अकोल्याला गेले. ते बटण आता येत नाही, असं दुकानदाराने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते टेबलावर भिंगाखाली धरलं. कॉइलची तार वेटोळ्याच्या आत, खोलवर, तीन ठिकाणी तुटली होती. डाग जसाच्या तसा होता. मेणाच्या दोऱ्याचे बारा वेढे जसेच्या तसे होते, त्यातला एकही हलला नव्हता. त्यांना धरून बटणाची पाठ निघून आली होती.

इंद्रभान मागून येऊन पाहून गेला. त्या दिवशी तो वाद घालायला थांबला नाही.

रविवारी संध्याकाळी झुंबरबाई परत आल्या. पाय धुऊन आत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "शालूले तीनदा इचारलं. तीनदा म्हनते, काई नाही म्हनल्या. खाली पाहून म्हनते. वर पाहून म्हनत नाही."

उकंडरावांनी हाताने खूण केली, सोड.

"सोडू कसं? मले शिव्या देल्या असन तं देल्या. मह्या मायनं देल्या समजन. पन काय म्हनली ते मालूम पाह्यजे. तुमी इचारा. तेरवीचे भाड्याचे भांडे परत द्याले शालू उद्या मोताळ्याले येनार हाये, दहा वाजता पोस्टात थांब म्हनलं मी तिले. फोनात मानूस खोटं बोललं तं समजते, तुमीच म्हनता."

हे ते म्हणत आले होते खरं. माणसाचा चेहरा दिसत नसला की आवाजाला काही झाकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जेवणानंतर सांगायची गोष्ट म्हणून त्यांनी ते बरेचदा सांगितलं होतं.

सोमवारी दहा वाजून बारा मिनिटांनी इंद्रभानने मोताळा जोडून दिलं. उकंडराव भिंतीपाशी जादा हेडसेट लावून बसले. इंद्रभानने त्यांच्याकडे पाहिलं, आपली ऐकायची कळ बंद केली आणि दुसरा कॉल घेतला.

"शालूबाई, मी उकंडराव बोलून राह्यलो."

"हाव मामाजी. बोला."

"भांडे देले?"

"देले. एक परात चेपली म्हनून कटकट करून राह्यला होता भांडेवाला. भरपाई देऊन टाकली."

"बरं. शालू, तुही मावशी इचारून राह्यली. संक्रांतीले ते आली नाही, तं गोजरबाई काय म्हनल्या?"

लाइनवर शांतता झाली. लाइन तुटली नव्हती. मोताळ्याच्या पोस्टात कुणीतरी पत्रांवर शिक्के मारत होतं, ते ठोके स्पष्ट येत होते. उकंडरावांनी सात ठोके मोजले.

"काई नाही, मामाजी. म्हने, तिले टाइम भेटन तवा येईन."

"गयात पडून तू हेच सांगतलं होतं?"

"गयात पडून काय सांगतलं ते मले याद नाही. रडताना मानूस आवाज करते, बस. त्याचं काय?"

"तं मंग एवढा येळ काऊन लावला बोलाले?"

"मामाजी," शालूबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज एकदम मोठ्या बाईचा झाला, "त्या गेल्या. मावशीले अजून राह्यचं हाये. नऊ दिवस मी होती तिथं. मरनारं मानूस लय काही बोलते. तुमी काऊन खोदून राह्यले?"

उकंडराव म्हणाले, "बरोबर हाये तुहं. घरी सांबायून जाय."

त्यांनी हेडसेट उतरवला, वायर गुंडाळून खुंटीला लावली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. इंद्रभानने बोर्डावरून मान न वळवता विचारलं, "झालं बोलनं?"

"झालं."

दुपारी दोनला पाळी सुटली. अडीचला ते घरी आले तेव्हा झुंबरबाई दारात सुपात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वाटेत उकंडरावांनी दोन उत्तरं तयार केली होती. एक शालूबाईने दिलेलं, दुसरं तिने न दिलेलं. दुसऱ्याला शब्द नव्हते. त्यांनी पहिलं दिलं, ओठ नीट हलवून, न ओरडता.

"म्हनल्या, तिले टाइम भेटन तवा येईन."

झुंबरबाई पाहत होत्या.

"शालू लगेच बोलली का थांबली?"

"लगेच."

"नाही," त्या म्हणाल्या. "थांबली असन." पदरावरचं तुरीचं टरफल झटकून म्हणाल्या, "मी असती तं मीबी थांबली असती. चांगली पोरगी हाये."

उकंडराव ओट्यावर बसले. त्यांना वायरीबद्दल बोलायचं होतं. तेरा दिवस ते वाक्य त्यांच्याजवळ होतं: पिना ठेवल्या असत्या तर पिन सुटली असती, बटण राहिलं असतं. पण त्यासाठी वीस खुणांमध्ये खूण नव्हती आणि हे गल्लीला ऐकवून ओरडता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी नुसतं कानाकडे बोट नेलं, मग आपल्या छातीवर ठेवलं.

झुंबरबाईंना कळलं.

"वायरीचं मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "पिना असत्या तं पिन निंघाली असती. खुपसूस्तोर तिचं बोलनं होऊनच गेलं असतं. आयकू आलंच नसतं मले."

पदराखालून टोक काढून पिन खुपसायला झुंबरबाईंना चार सेकंद लागत. उकंडरावांनी ते घड्याळ लावून पाहिलेलं होतं, पिना चांगल्या की पक्की वायर याचा विचार करत होते त्या दिवसांत. ते एक वाक्य हुकलं असतं. त्यानंतरची पाच-सहा वाक्यं हुकली नसती.

"हाव," ते म्हणाले. "गेलंच असतं."

झुंबरबाईंनी सूप उचललं. तूर पाखडून झाली तेव्हा चार वाजले होते. त्यांनी आत जाऊन चोळीला शिवलेला यंत्राचा खिसा उसवला, पेटी फडक्यात बांधून फळीवर ठेवली आणि बाहेर येऊन चहाचं आधण ठेवलं. कुणीतरी सांगितलेलं अकोल्याच्या दुसऱ्या एका दुकानाचं नाव उकंडरावांनी पाकिटाच्या मागे लिहून ठेवलं. नव्या यंत्राला पिनाच असतात, असंही त्यांनी चौकशी करून ठेवलं होतं. झुंबरबाईंना ते त्यांनी दाखवलं नाही. आदल्या रात्री नव्या यंत्राची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी हात हलवून विचारलं होतं, आता कोणाचं ऐकायला?

चहा पिताना त्या म्हणाल्या, "नळाले उद्यापासून तुमीच उठा. मले त्याचा आवाज येत नाही."

उकंडरावांनी मान हलवली आणि गजराच्या घड्याळाला चावी दिली. उद्या मंगळवार. त्यांच्या गल्लीतल्या नळाला पाणी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी येतं आणि सहाला जातं.